आडवी डहाळी

मी डोंगरात पळते, हे आमच्या वाडीला अजून पटलेलं नाही. पासलीच्या वरच्या अंगाला आमची वीस-बावीस घरं. तिथं डोंगर चढायचा तो गवतासाठी, जळणासाठी, नाहीतर चुकलेल्या गुरांमागं. काहीच आणायचं नसताना घाम गाळायचा, वर त्यासाठी महागाचे बूट घ्यायचे, हे बघून शेजारची चुलती एकदा म्हणाली होती, "म्हस हरवली न्हाई, भारा आणायचा न्हाई, मग तुज्यामागं लागलंय तरी कोण?" बायका हसल्या. मीही हसले.

उत्तर होतं. आमच्या भावकीत कॉलेज पुरं करणारी मी पहिली, हे सांगायला मी लाजत नाही. पण त्यातून आलेलं आयुष्य असं: नसरापूरला दोन खोल्या, कंपनीत क्वालिटीचं काम, सहा वर्षांची मुलगी, नवऱ्याला पाळ्या. आठवड्यात एक तास माझ्या वाट्याला येत नाही. म्हणून रविवारी पहाटे मुलीला स्कूटरवर घेऊन मी दीड तास गाडी चालवत वाडीला यायची, तिला आबांजवळ सोडायची आणि डोंगराला लागायची. आबा म्हणजे माझे वडील. आई गेल्यापासून एकटेच राहायचे. नऊच्या आत परत, मग त्यांची भाकरी-कालवण, धुणं, आणि दुपारी माघारी. मधले अडीच तास काय ते माझे.

आमच्याकडं एक रीत आहे. पावसानं वाट तुटली की जो आधी बघतो तो हिरवी डहाळी मोडून फाट्यावर आडवी टाकतो आणि वर दगड ठेवतो. नुसती डहाळी वाऱ्यानंही पडते, दगड असला की ती माणसानं ठेवलेली. मागून येणारा दुसरी वाट धरतो. ती कुणी हलवत नाही. आबांना अक्षर येत नव्हतं, तेव्हा अक्षरं मला त्यांनी शिकवली नाहीत. ही डहाळी मात्र शिकवली होती.

त्या रविवारी भातं कापणीला आली होती. परतीचा पाऊस नुकताच झोडपून गेलेला. वरच्या फाट्यावर ऐनाची डहाळी आडवी दिसली, वर दगड. पुढं जाऊन बघितलं तर ओढ्याच्या कडेला अडीच-तीन हात वाट खचली होती, खाली कातळ. डोईवर भारा असलेल्या बाईला ते जमलं नसतं. मला एका उडीचं काम. त्या वाटेनं मला दोन फेऱ्या मारायच्या होत्या. दुसऱ्या वेळी पायात यायला नको म्हणून मी माघारी आले, दगड बाजूला लोटला आणि डहाळी झाडीत भिरकावली. तेव्हा मनात आलं ते खरं सांगते. ही खूण म्हाताऱ्यांसाठी आहे, माझ्यासाठी नाही.

वर गेल्यावर फेऱ्यांचं विसरले. धुकं उतरलं होतं, पाय हलके झाले होते, आणि घड्याळाकडं न बघता मी पलीकडची धार धरली. दुसऱ्याच वाटेनं उतरून घरी आले तेव्हा अकरा वाजून गेले होते. वर मोबाईलला रेंज नसते. मुलगी चुलतीच्या ओट्यावर बसली होती. म्हणाली, आबा तुला बघायला गेलेत, केव्हाच.

आधी मला रागच आला. मी काय लहान आहे का, असं बोललेसुद्धा. मग डहाळी आठवली. दुसरी फेरी मी तेव्हा मारली.

आबा खचलेल्या जागेच्या खाली कातळावर पडले होते. शुद्धीवर होते, एक पाय भलतीकडं वळलेला. माझ्या हाकेनं खाचरातली माणसं विळे टाकून आली. घोंगडीची झोळी बांबूला बांधून चौघांनी त्यांना रस्त्यापर्यंत आणलं. टेम्पोनं वेल्हे, तिथून पुणे. खुबा मोडला होता. टेम्पोत ते एकदाच बोलले, पोरीला खायला दिलं का म्हणून.

आता ते आमच्याकडं असतात. वॉकर धरून मोरीपर्यंत जातात, तेवढंच. खिडकीतून हायवे दिसतो, डोंगर दिसत नाही. भेटायला येणारा प्रत्येकजण विचारायचा, जन्म त्या वाटेवर गेलेल्या माणसाला चकवा कसा बसला? आबा सगळ्यांना एकच सांगायचे, डहाळी शेळीनं खाल्ली असंल, दिसली न्हाई. त्या अंगाला शेळी फक्त चुलतीची चरायची. दगड कुणी हलवला, हे कुणी विचारलं नाही. मी चहा घेऊन उभी असायची. मला वाटायचं, त्यांना खरंच तसं वाटतंय.

चार महिने मी गप्प होते. मग एका रविवारी ते पावटा सोलत बसले होते आणि म्हणाले, "बूट कुटं ठेवलंस? जात का न्हाईस आता?"

"आबा, डहाळी मी काढली होती."

त्यांचा हात थांबला नाही. "म्हाईत हाय मला. आदल्या दिशी म्याच ठिवली व्हती ती."

मग त्यांनीच सावकाश सांगितलं. फाट्यावर डहाळी नव्हती आणि पुढं चिखलात माझ्या बुटांची नक्षी होती. तसा बूट वाडीत दुसऱ्या कुणाचा नाही. "ठसं कडंपातूर आलं व्हतं, बाय. पलीकडं कातळ, तितं ठसा उमटत न्हाई. मला वाटलं, तू खाली गेलीस." म्हणून ते वाकले, आणि कड सुटली.

म्हणजे त्यांना चकवा बसलाच नव्हता. वाट तुटल्याचं माहीत असलेला वाडीतला तो पहिला माणूस.

मी रडायला लागले तेव्हा त्यांनी शेंगांचं ताट बाजूला सरकवलं. "चुलतीला सांगू नगंस," म्हणाले. "लई बोलंल ती तुला. शिकलेली म्हणून आदीच तिच्या डोळ्यावर हायस."

मी नाही सांगितलं. पुढच्या खेपेला वाडीला गेले तेव्हा चुलतीच्या दारातला खुंटा मोकळा होता. शेळी विकली, म्हणाली. तुज्या आबांचा पाय मोडणारं जित्राब दारात बघवंना. मी तिनं दिलेला चहा प्यायले आणि स्कूटर काढली.