पित्तराची दोन जास्तीची पानं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही.

जानेफळचे आम्ही दोघं, दिगंबर आणि मी, एकाच पलटणीत होतो. श्रीलंकेत तिथलेच लोक आपसात लढत होते. शांतता राखायला म्हणून आम्हाला पाठवलं. तिथं दिगंबर गेला. गावात त्याचं स्मारक आहे. पंधरा ऑगस्टला हार मीच घालतो, बलिदानावर भाषणही ठोकतो. कुणासाठीचं बलिदान — हे कुणी विचारत नाही, ते बरं आहे.

त्याच्या आईनं मात्र विचारलं होतं. मी सुट्टीवर आलो तेव्हा, ओट्यावर बसून. "माह्या दिगूनं कोनाले मारलं काय रे बावा?"

मला वाटलं, तिला अभिमान हवाय. त्या वयात दुसरं काय वाटणार? "हाव माय," मी म्हटलं, "दोघाईले लोळवलं, मंगच पडला."

ती रडली नाही. "केवढाले होते?" एवढंच विचारलं. आमच्याच वयाचे, मी म्हणालो. ते खरं होतं.

त्या वर्षी पित्तरात दिगंबरच्या नावानं जेवायला तिनं मलाच बोलावलं. पाहतो तर माझ्या पत्रावळीशेजारी आणखी दोन — कढी, वडे, खीर, सगळं वाढलेलं.

"त्या दोघाईचे हायेत," माय म्हणाली. "माह्या लेकानं मारलं त्याह्यले. त्याह्यच्या मायनं वाढलं असन का नसन."

मी पानावर बसलो. दरवर्षी गेलो, दरवर्षी जेवलो. ती त्या पानांपुढे कपाळ टेकायची, लेकाच्या वतीनं माफी मागायची — आणि मी वडे खात बसायचो.

दिगंबरनं एकही गोळी झाडली नव्हती. पहिल्याच गोळीत तो गेला. ते दोघं — ते मी मारले.

त्याच्या नावावर का घातले? त्याला शौर्य द्यायचं होतं, असं मी स्वतःला पटवलं होतं. खोटं. मला ते दोघं माझ्याजवळ नको होते.

माय उन्हाळ्यात गेली. आपल्या लेकानं दोन आयांची पोरं मारली, हेच मनात घेऊन गेली. यंदा पित्तरात तिच्या धाकट्या सुनेनं विचारलं, "भाऊजी, आता माय नाई. ते दोन पानं मांडाचे काय?"

तेव्हा तरी सांगता आलं असतं.

"मांड," मी म्हटलं. आणि जेवायला बसलो.