आबांचं चौथं शील

सांगवीच्या आमच्या घरात सकाळची बुद्धवंदना मी लहानपणापासून ऐकत आले. पंचशील सगळ्यांना तोंडपाठ, पण ते पाळायचंही असतं याची आठवण फारशी कुणी ठेवत नसे. माझे वडील, आबा, साखर कारखान्यातून निवृत्त झाले आणि त्यांनी ते मनावर घेतलं. हिंसा, चोरी, दारू यांच्याशी त्यांचा कधी संबंधच नव्हता. मग सगळा जोर चौथ्या शीलावर आला. 'मुसावादा वेरमणी', खोटं बोलणार नाही.

पहिला फटका आईला बसला. नवी साडी कशी दिसते, असं तिनं विचारलं आणि आबांनी खरं ते सांगितलं. ती साडी मावशीला गेली. नंतर शेजारच्या तात्यांचा फोन आला, तेव्हा आबा घरी नाहीत असं मी सांगणार होते. आबांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि आपण घरीच आहोत, पण आत्ता बोलायचा कंटाळा आलाय, असं तात्यांना शांतपणे कळवलं. तात्या बरेच दिवस फिरकले नाहीत.

अशात मला बघायला इंदापूरचे पाहुणे यायचे ठरले. मुलगा, त्याची आई आणि मामा. आईनं आदल्या दिवशीच आबांना गप्प बसायला बजावलं. गप्प बसायला शीलाची काही हरकत नाही, असं ते म्हणाले, तेव्हा ती निर्धास्त झाली.

पोहे खाता खाता मुलाच्या आईनं विचारलं, मुलीनं केले का. आई लगेच हो म्हणाली. त्या बाईंनी सहज आबांकडं पाहिलं. आबांनी बराच वेळ पंख्याकडं पाहिलं आणि म्हणाले,

"न्हाय. म्या केल्यात. तिला पोहे भिजवायचं जमत न्हाय, पार लगदा करती."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आईनं तोंडाला पदर लावला. मुलाची आई मात्र आबांकडं बघतच राहिली, मग मुलाकडं वळून म्हणाली, "आता तूबी सांगून टाक."

मुलानं घसा खाकरला. बायोडेटात 'वाचनाची आवड' लिहिलंय ते मामांनी घातलंय, आपण सुट्टीच्या दिवशी फक्त झोपतो, असं त्यानं कबूल केलं. मामांना ठसका लागला. मला हसू आवरेना, आणि हसताना मी पहिल्यांदाच त्याच्याकडं नीट पाहिलं.

लग्न ठरलं. पाहुणे गेल्यावर मी आबांना विचारलं, स्थळ मोडेल अशी भीती नाही वाटली?

"लई वाटली," ते म्हणाले. "पण एकदा खोटं सांगितलं असतं, तर तू नांदायला गेल्यावरबी वाटतच राहिली असती."

आई मात्र सावध झालीय. आता माझ्या धाकट्या बहिणीला बघायला कुणी येणार असलं, की ती आबांना सकाळीच अंथुर्ण्याला आत्याकडं धाडते. आबाही निमूट निघतात. स्टँडवर कुणी विचारलंच, तर घरातून घालवून दिलंय म्हणून सांगतात.