साहेबांचं गाव

आमच्या घरातला पहिला पदवीधर मीच. त्यामुळे नामपूरहून आई नाशिकला माझ्याकडे आली, तेव्हा अनोळखी नंबरचं नाव दाखवणारं ॲप तिच्या मोबाइलमध्ये मीच टाकून दिलं. दुसऱ्याच दिवशी त्यावर ‘बँक मॅनेजर’ झळकला. तिचं कांद्याच्या पैशाचं खातं बंद पडणार म्हणे. मी अदबीनं ‘सर, सर’ करत ओटीपी सांगू लागलो. सहापैकी चार आकडे सांगून झाले, तोच आईनं फोन हिसकावला.

“तुनं गाव कोनतं शे, भाऊ? कोना पोऱ्या तू?”

आमच्याकडे अनोळखी माणसाला पाणी दिल्यावर पहिला प्रश्न हाच असतो. साहेबांनी फोनच ठेवून दिला.

“ज्याले गाव सांगता येत नई, त्याले तू आकडा सांगस?”

खातं वाचलं. ॲप मी काढून टाकलं. पदवी तेवढी भिंतीवर राहू दिली आहे.