भिलाटीच्या जागेचा ठराव

"अनुमोदक कोण टाकू?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"हिनं नाव टाकी द्या," आबा म्हणाले. मान वर न करता. "हिले काय, बठ्ठं चालस."

सगळे हसले. मीसुद्धा हसले. कशाचा ठराव, ते विचारलंही नाही. आज मला सगळ्यात जास्त लाज वाटते ती त्या हसण्याची.

हिनं म्हणजे माझं, बठ्ठं म्हणजे सगळं. मी त्या ग्रामपंचायतीची निवडून आलेली सदस्य. साक्री तालुक्यातलं डोंगराकडचं गाव. आमची भिलाटी, म्हणजे भिलांची वस्ती, गावाच्या बाहेर. वॉर्डाची जागा आदिवासी बाईसाठी राखीव निघाली, म्हणून मी. आबा सरपंच, सभा ते चालवायचे. भाऊसाहेब म्हणजे ग्रामसेवक, ते लिहायचे.

सदस्य सात, खुर्च्याही सात. माझ्या खुर्चीवर दर महिन्याला दप्तरांचा गठ्ठा असायचा. तिथं बसू नको, असं मला कोणी कधी म्हणालं नाही. गठ्ठा उचलायचा आणि बसायचं, एवढंच होतं. दोन वर्षं मला ते जमलं नाही. मी दाराजवळ सतरंजीवर बसायचे. चहा आला की आबा म्हणायचे, "चहा वाटी दे व जरा." मी वाटायचे. मग सगळ्यांचे कप घेऊन मागच्या नळावर जायचे. विसळून परत येईपर्यंत सभा उठलेली असायची.

ठराव कसा होतो ते मला कोणी सांगितलं नव्हतं. आता माहीत आहे. एक जण मांडतो, तो सूचक. दुसरा पाठिंबा देतो, तो अनुमोदक. मग ज्याला बोलायचं तो बोलतो. मग हात वर. मग मंजूर, नाहीतर नामंजूर. आमच्याकडे आधी सही. सभा सुरू झाली की वही फिरायची. वर दोन-चार ओळी, खाली सगळं पान कोरं, आणि तळाला सह्या. भाऊसाहेब म्हणायचे, "करून ठेवा, मी निवांत लिहितो."

मी अडाणी नाही. सातवी शिकले आहे. कोरं पान मला दिसत होतं. पण "काय लिहिणार?" असं विचारणं म्हणजे मोठ्या माणसावर संशय घेणं. माझा बाप जन्मभर आबांच्या मळ्यात राबला. त्यांच्यासमोर त्यानं कधी चप्पल घातली नाही. त्याची पोरगी त्यांना वही वाचून दाखवा म्हणणार? जीभ उचलतच नव्हती. मी सही करायचे. सुरेख अक्षरात करायचे. गर्व होता मला त्या सहीचा! भिलाटीतल्या बायकांत अंगठा न लावणारी मी एकटीच ना.

नाल्यापलीकडे आमची मातीची जागा होती. भिलाटीतली माणसं तिथंच पुरलेली. माझा बाप तिथं. माझी मुलगीही तिथंच. चार वर्षांची होती. नवरा ऊसतोडीला गेलेला, पोरीला ताप भरला, साक्रीच्या दवाखान्यात नेईपर्यंत माझ्या मांडीवरच गार पडली. तिला माती दिली त्या जागी मी नदीतले गोटे आणून रचले होते. कामावर जाताना रोज तिकडून जायचे. उगाच. दोन शब्द बोलायचे तिच्याशी.

एके दिवशी सकाळी तिथं जेसीबी घरघरत होता.

धावत गेले. अर्धी जागा सपाट झालेली. गोटे कुठले, काही कळेना. चालवणारा परगावचा. तो म्हणाला, "ताई, माझ्यावर कशाला ओरडता? ठराव आहे." त्यानं खिशातून झेरॉक्स काढून दिली.

मी वाचली. "सदर जागा विनावापर पडून असल्याने गोदाम बांधण्यासाठी देण्यास ग्रामपंचायतीची हरकत नाही." खाली सूचक म्हणून उपसरपंचाचं नाव. त्याच्याखाली अनुमोदक. माझं नाव. नवऱ्याच्या नावासकट, आडनावासकट. आणि शेवटी, "ठराव सर्वानुमते मंजूर."

विनावापर! माझी पोर तिथं निजली होती, आणि म्हणे विनावापर.

तोपर्यंत भिलाटी गोळा झाली होती. सुकराम नाना काठी टेकत पुढे आले. आमच्यातले सगळ्यात म्हातारे. "काय लिखेल शे?" त्यांनी विचारलं. खोटं सांगता आलं असतं. तिथं दुसऱ्या कुणाला वाचता येत नव्हतं. पण मी वाचून दाखवलं. माझ्या नावासकट.

नानांनी सपाट झालेल्या मातीकडे पाहिलं. मग म्हणाले, "मी मरसू तवय माले कोठे गाडशी, सांग ना व बेटी."

आवाजात राग नव्हता. राग असता तर सोसलं असतं. ते काठी टेकत निघून गेले. त्यानंतर नाना माझ्याशी कधीच बोलले नाहीत.

तशीच पंचायतीत गेले. रडत गेले. आबा पेपर वाचत होते.

"सही तुनीच शे ना?" ते म्हणाले. "मंग आते काय रडस?" आणि शिपायाला हाक मारली, "अरे, हिले चहा पाज."

चहा! मी चहा मागायला आले होते का? तिथंच माझ्या डोळ्यांतलं पाणी आटलं. ते पुन्हा त्या कचेरीत आलं नाही.

घरी येऊन पेटी उघडली. सभेच्या आधी दरवेळी शिपाई नोटीस आणून द्यायचा. मी ती घडी घालून पेटीत ठेवायचे, न वाचता. त्या दिवशी सगळ्या वाचल्या. प्रत्येक नोटिशीत पहिला विषय तोच: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. आणि शेवटचाही तोच: अध्यक्षांच्या परवानगीने येणारे ऐनवेळचे विषय. आमची जागा त्या ऐनवेळच्या विषयात गेली होती. मी तेव्हा मागे नळावर कप विसळत होते.

पण पहिला विषय अजून बाकी होता. मागच्या सभेचं इतिवृत्त पुढच्या सभेत वाचायचं असतं. दोन वर्षांत ते कोणी एकदाही वाचलं नव्हतं.

पुढच्या सभेला मी गठ्ठा उचलून खाली ठेवला आणि खुर्चीत बसले. वही आली. मी सही केली नाही.

भाऊसाहेब म्हणाले, "विषय एक. मागचं इतिवृत्त. कायम."

मी म्हणाले, "वाचा."

"काय?"

"वाचून कायम करणे, असं तुमच्याच नोटिशीत लिहिलंय. वाचा."

कोणी हसलं नाही. भाऊसाहेब आबांकडे बघू लागले. आबा खिडकीकडे. शेवटी भाऊसाहेबांनी वाचलं. जागेच्या ठरावापाशी आवाज बारीक झाला.

"मी हे बोलले नाही," मी म्हणाले. मुद्दाम पुस्तकातल्या मराठीत बोलले. "मी याला अनुमोदन दिलेलं नाही. माझा विरोध लिहा."

आबा म्हणाले, "हात वर करा. कायम करणारे." सहा हात वर गेले. मी एकटी. हरले. पण भाऊसाहेबांना माझा विरोध लिहावा लागला. लिहून होईपर्यंत मी त्यांच्या खांद्याशी उभी होते. मग ती ओळ वाचली आणि खाली सही केली.

मग माझा विषय. मी तो आधी लेखी दिला होता. भिलाटीला मातीसाठी दुसरी जागा द्यावी. सूचक मी.

"अनुमोदक?" भाऊसाहेबांनी विचारलं.

मी एकेकाकडे पाहिलं. सगळ्यांना मी चहा दिलेला. शेजारच्या खुर्चीत दुसरी एक बाई सदस्य होती. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"अनुमोदक नाही. ठराव पडला."

नाना या हिवाळ्यात गेले. त्यांना टेम्पोत घालून त्यांच्या सासुरवाडीला न्यावं लागलं, परक्या गावात. मी टेम्पोच्या मागे चालत फाट्यापर्यंत गेले. गाडीत मला कोणी घेतलं नाही. बरोबरच आहे त्यांचं. नाल्यापलीकडे आता गोदाम उभं आहे. माझी पोर कुठल्या खांबाखाली आहे, मला माहीत नाही. ते आता कधी कळणारही नाही.

पाच सभा झाल्या. पाच वेळा मांडला. पाच वेळा पडला. सहाव्या सभेसाठी अर्ज दिलाय, पोच घेतली आहे. परवा ती दुसरी बाई बाजारात भेटली. म्हणाली, "कशाले डोकं फोडस व? तुनी मुदत सरी जाई, मंग वॉर्ड खुला व्हई. तुले कोण उभं राहू देई?"

होऊ दे खुला. मी खुल्यातून उभी राहीन.