पिंकी बोलेना आणि निवडणूक आली

आमच्या आमलीच्या चाळीत निवडणुकीचे किस्से निघाले, की चहा दोनदा ठेवावा लागतो. आमच्या दादरा-नगर हवेलीला खासदार एकच, पण त्याच्यावर बोलणारी तोंडं किती!

त्या उन्हाळ्यात गप्प होती ती एकटी माझी पिंकी. तीन वर्षांची होत आली, तरी तोंडातून शब्द नाही. हवं ते बोटानं दाखवायची. शेवटी दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, "खूप बोलणं कानावर पडू द्या." मी सातवी शिकलेली, बोलून बोलून किती बोलणार?

*

तेवढ्यात प्रचाराची रिक्षा आली. भोंगा असा, की नाइट शिफ्ट करून झोपलेले पुरुष दार उघडून ओरडायचे, "आगे जा रे!" मी मात्र हात करून थांबवायची. "भाऊ, इथंच उभं राहून बोला ना जरा."

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या पक्षाची रिक्षा. तिलाही थांबवलं. आतला माणूस खूश. "बेन, मग तुमचं मत आमचं पक्कं ना?"

म्हटलं, "पोरगी ज्याच्या भोंग्यावर बोलेल, त्याला!"

*

शेजारच्या सुमनवहिनी धुळ्याकडच्या. मत देऊन हसत हसत आल्या. विचारलं, "कोणाला दिलं?"

"सगळ्यांना! सगळेच दारात येऊन हात जोडून गेले. नाही कोणाला म्हणू?"

तेव्हा कागदाची मतपत्रिका, आणि वहिनींनी मारलेला प्रत्येक चित्रावर एकेक शिक्का!

"अहो वहिनी, मत बाद झालं ते!"

"होऊ दे. कोणी रुसलं तर नाही ना!"

*

मतदानाच्या दिवशी दारूची दुकानं बंद. समोरच्या रमीलाबेनचा भाऊ वापीहून खास त्यासाठीच आलेला, कारण गुजरातेत दारूबंदी. दुकानाचं कुलूप बघून परत आला आणि ओट्यावर बसकण मारली. "लो! आ तो गुजरात थई गयुं!"

*

आणि शाई! वहिनींचं म्हणणं, पिंकीला कोणाची तरी नजर लागलीय. मी काजळाची तीट लावायची, घामानं ती तासाभरात पुसून जायची. पिंकीला घेऊन मतदानाला गेले, बोटाला शाई लागली. ओली होती तोवर तेच बोट पिंकीच्या गालावर टेकवलं.

शाई लावणारे साहेब उठूनच उभे राहिले. "अहो बाई, काय करताय? महिनाभर जाणार नाही ती!"

"तेच तर पाहिजे, साहेब!"

*

निकाल लागला. जिंकलेल्या साहेबांची मिरवणूक ढोल वाजवत चाळीत शिरली. ऊन मी म्हणत होतं. साहेब गुलालानं माखलेले. नेमके माझ्यापुढे थांबले, कडेवरच्या पिंकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि मोठ्यानं विचारलं, "बोलो बेटा, क्या चाहिए?"

ढोल थांबला. सगळे आमच्याकडे बघायला लागले. ही बोलत नाही, हे एवढ्या लोकांत कसं सांगायचं? मी मान खाली घातली.

तर कडेवरून आवाज आला, "पानी."

सुमनवहिनींनी ओवाळणीचं ताट ओट्यावर ठेवलं. रमीलाबेननं तोंडावर पदर धरला. मग पहिली टाळी कोणाची पडली कोण जाणे, पण आख्खी चाळ टाळ्या वाजवायला लागली! नाइट शिफ्टवाले शिट्ट्या मारत होते. मला तर समोरचं काही दिसेना.

साहेबांनी दोन्ही हात जोडले, चारही बाजूंना वळून नमस्कार केला आणि म्हणाले, "बस, बस! पानी का तो मैं करने ही वाला था!"