कळवतो

भटक्या कुत्र्यांच्या निवाऱ्यात मी पिल्लू घ्यायला गेले, तेव्हा माझ्या आधी आलेलं एक जोडपं बाकावर बसलं होतं. तिथल्या मावशींनी त्यांच्यासाठी एक काळी कुत्री पिंजऱ्याबाहेर आणली.

"रंग फारच काळा आहे हो," बाई म्हणाल्या. "जरा चालवून दाखवा ना."

मावशींनी तिला चालवलं. गृहस्थांनी तिचा जबडा उघडून दात पाहिले आणि हात रुमालाला खसाखसा पुसले. "स्वभाव शांत आहे ना? आमच्याकडे पाहुण्यांचं येणंजाणं असतं." कुत्री बिचारी शेपूट हलवत होती. शेवटी दोघं उठली. "घरी बोलून कळवतो."

कळवतो! माझं तोंड कडू झालं. लग्नाआधी माझ्या हातचे पोहे चाटूनपुसून खाऊन किती घरांनी हेच म्हटलं होतं! कळवतो म्हणजे कळवणार नाही, हे त्या कुत्रीला कोण सांगणार? ती फाटकापर्यंत त्यांच्या मागे गेली. मला माणसाच्या जातीचीच शिसारी आली. माया करायची म्हणतो आणि आधी शेंडा मोडून बघतो, मंडईतल्या भेंडीचा मोडतात तसा.

"ताई, तुम्हाला आवडतेय का ही?" मावशींनी विचारलं.

कुत्री परत येऊन माझे पाय हुंगत होती. तिच्या कानामागची खरूज मला दिसली आणि मी चटकन पाय मागे घेतला.

"घरी विचारते," मी म्हणाले, "आणि कळवते."