निळ्या खोक्याचा नळ

"ओढायचं नाही. येऊ द्यायचं."

आमच्या वरच्या मजल्यावरचे काका हे वाक्य एक बोट वर करून म्हणत. लिफ्ट रखडली तरी हेच, पगार लांबला तरी हेच, आणि माझा मुलगा मराठी प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देत बसला तरी हेच. "येईल त्याची मराठी. ओढू नका." मला असा राग यायचा म्हणून सांगू! तुमच्याही शेजारी असा एखादा शांतमूर्ती असेल, तर तुम्हाला कळेल मी काय म्हणते ते.

पण ते वाक्य मुळात एका आइसबॉक्ससाठी होतं. सहलीला नेतात तसला, निळा. बहारीनला, हूऱ्यातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये, काकांच्या स्वयंपाकघरातला निम्मा ओटा त्यानंच अडवला होता. बुडाशी पितळी नळ, आणि आतून नळाला जोडलेली जाळीची नळी. बेसिनखालच्या पाइपवरची स्टीलची जाळी सोलून त्यांनी ती स्वतः केली होती. काका समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्लांटवर इंजिनिअर, फिल्टर विभागात. "आठवडाभर समुद्र गाळतो, शुक्रवारी जव," म्हणायचे.

दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, त्या खोक्यात मोड आणलेले, गच्चीवर वाळवून भरडलेले जव पडत आणि वर गरम पाणी. तासाभरात जवाची गोडी पाण्यात उतरे. मग ते पाणी नळानं खाली काढायचं, उकळायचं, गार करायचं आणि लिंबू पिळून प्यायचं.

"आणि यात यीस्ट घातलं की?" मी पहिल्याच दिवशी विचारलं. मला गप्प बसवत नाही.

"की बिअर," काका म्हणाले. "म्हणून घालत नाही."

बिअर करायला ते बुदैयात शिकले होते, एका गोऱ्या सहकाऱ्याच्या व्हिलात. तेव्हा ते प्यायचेही बेसुमार. मुलीच्या साखरपुड्याला पुण्याला गेले आणि पाहुणे आले तेव्हा आतल्या खोलीत आडवे पडलेले. त्या दिवसानंतर काकू बहारीनला परतल्या नाहीत. काकांनी दारू सोडली, पण शुक्रवार सुटेना. "हात रिकामे राहिले की पाय दुकानाकडे वळतात हो," असं त्यांनीच मला सांगितलं. म्हणून सगळं पूर्वीसारखं करायचं आणि शेवटच्या पायरीआधी थांबायचं.

काकू परत याव्यात, बस, एवढंच त्यांना हवं होतं. रोज फोन करत, पण 'ये' असं एकदाही म्हणाले नाहीत.

"अहो, म्हणा की एकदा!" मी वैतागून म्हणायची.

बोट वर. तेच वाक्य.

आता ते ओढणं म्हणजे काय, ते सांगते. नळ मोकळा सोडला की खोक्यातला सगळा लगदा खाली ओढला जातो, दाबून बसतो आणि धार बंद. वर गोड पाणी तुडुंब, खाली थेंब नाही. ते टाळायला काकांचे नाना सोपस्कार. पहिला गढूळ तांब्या परत वर ओतायचा. वरून पाणी घालताना बशी ठेवून तिच्यावर घालायचं, म्हणजे थर मोडत नाही. जव भरडायचे, दळायचे नाहीत. एकदा मी हौसेनं माझ्या मिक्सरमधून काढून दिले, तर डबा उघडून म्हणाले, "छान. आता याची खीर करा."

आणि सगळ्यात महत्त्वाचा तो पेंढा. मनामाच्या बाजारात रत्नागिरीच्या हनीफभाईंचं नारळ-आंब्याचं दुकान आहे. हापूसच्या लाकडी पेट्यांत भाताचा पेंढा येतो, तो ते काकांसाठी पोत्यात भरून ठेवत. काका तो धुऊन, उकळून, खोक्याच्या बुडाशी चार बोटं अंथरत. त्यातून धार अशी स्वच्छ येई की बघत राहावं. मोबदला म्हणून हनीफभाईंचा दर शुक्रवारी एक ग्लास ठरलेला.

त्या वर्षी मात्र हनीफभाईंनी हात झटकले. "लाकडी पेट्या खलास, साहेब. आता सगळे पुठ्ठे." ऑक्टोबर उजाडेपर्यंत पोतं रिकामं झालं. आणि नेमका तेव्हाच काकूंचा फोन आला: येते. पंधरा दिवसांसाठी, बघायला.

काय बघायला, ते मला, काकांना आणि हनीफभाईंना, तिघांनाही कळलं: दारू खरंच सुटली का.

शुक्रवारी सकाळचं विमान. काकूंना आल्या आल्या गार ग्लास द्यायचा म्हणून काकांनी गुरुवारी संध्याकाळीच जव भिजवले. पेंढा नव्हता, तसेच. धार बारीक पडली तेव्हा या माणसानं, जन्मभर जगाला सावकाशीचे धडे देणाऱ्या माणसानं, नळ पूर्ण उघडला! व्हायचं तेच झालं. लगदा बसला, धार थांबली. सकाळी बघू म्हणून झाकण लावलं आणि सकाळी तसेच विमानतळावर पळाले. आइसबॉक्स गारवा धरतो तशी ऊबही धरतो. रात्रभरात ते सगळं फसफसलं.

ते दोघं आल्याचा आवाज ऐकून मी पोळीभाजी घेऊन वर निघाले. जिन्यात हनीफभाई भेटले, आपल्या ग्लासासाठी निघालेले. दार उघडंच होतं. काकू बॅग न ठेवता तशाच उभ्या, आणि घरभर आंबूस, ताडीसारखा वास. काका भिंतीला टेकलेले. मला तर वाटलं, संपलं सगळं.

"हे दाखवायला बोलावलंत?" काकू म्हणाल्या. बोलावलं नव्हतंच, पण ते सांगायला तरी तोंड हवं ना!

तेवढ्यात हनीफभाई पुढे झाले. "वैनी, मी पितो हे. दर शुक्रवारी. रमजानात रोजा यावर सोडतो. दारू असती तर मी या दारात आलो असतो काय?"

काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग खोक्याकडे. मग बॅग खाली ठेवली.

"ओता हे," त्या काकांना म्हणाल्या. "आणि परत लावा. माझ्यासमोर."

हनीफभाई उलट पावली दुकानात गेले. जुनी एक लाकडी पेटी ते पाय ठेवायला वापरत, तिच्यातला उरलासुरला पेंढा घेऊन आले. जव पडले, पाणी पडलं. तासभर काकू खोक्याशेजारीच खुर्ची टाकून बसल्या. मग काकांनी नळ अगदी केसभर फिरवला. आधी थेंब. मग दोऱ्याएवढी धार, न तुटणारी. उकळून, गार करून दिलेलं काकू घोटभर प्यायल्या आणि म्हणाल्या, "लिंबू कमी आहे."

काका तोंड धुवायला म्हणून आत गेले ते बराच वेळ बाहेर आले नाहीत.

पंधरा दिवसांसाठी आलेल्या काकू काकांच्या निवृत्तीपर्यंत राहिल्या. जाताना निळं खोकं कपड्यांत गुंडाळून पुण्याला नेलं. विमानतळावर काकांनी मला विचारलं, "मुलाची मराठी?" मुलगाच म्हणाला, "येतेय, काका." त्यांचा चेहरा काय खुलला!

गेल्या पावसाळ्यात काका गेले. झोपेतच गेले. मी जाऊ शकले नाही, याचं वाईट वाटतं.

परवा शुक्रवारी काकूंचा फोन आला. मला वाटलं, रडतील. पण त्यांनी सरळ विचारलं, "अगं, पेंढा किती घालायचे गं ते? मला कधी हात लावू दिला नाही त्यांनी. अंदाजानं घातलाय, जवही भिजून झालेत."

"चार बोटं," मी म्हटलं. "आणि काकू, नळ..."

"ते माहीत आहे मला," त्या म्हणाल्या. "तू नुसती थांब."

मी थांबले. पलीकडे पातेलं सरकवल्याचा आवाज झाला, मग एक थेंब पडला, मग दुसरा. मग धार लागली.